आबासाहेबांच्या दारातले उघडे खडे

आमच्या ह्यांना आता कुणी "भला माणूस" म्हणलं की माझं डोकं फिरतं. नऊ वर्षं कुठं शेण खायला गेला व्हता तुमचा भलेपणा? ह्याच पिंपळीत, ह्याच पारावर बसून "गेणू गवंडी सिमिट खातो" म्हणत दात काढत व्हता तुमी. मी द्वारका, त्या गेणूची बायको. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाय म्हणतात. घेतलं मी. कुणाला काय करायचं ते करा.

आधी हा माणूस कसा व्हता ते ऐका. गवंडी लई हायेत, पण ओळंबा न लावता भिंत सरळ उठवणारा मी एकच बघितला. वाळू आली की मूठभर हातावर चोळायची, माती निघाली तर ट्रॉली माघारी. मालक किती का मोठा असंना, मापावरून भांडायचं. "घर तुमचं, माप माझं," हे ठरलेलं. किती सिमिटाला किती वाळू, किती खडी, ते दुसऱ्याला मोजू द्यायचे न्हाईत. घरात मुकं, साईटवर वाघ. मी त्यांच्या हाताखाली बिगारी. पाणी, घमेलं, फावडं माझ्याकडं. मलापण शिव्या बसायच्या, पण त्या शिव्यांत ऐट व्हती.

मग आबासाहेबांच्या पोर्चचा स्लॅब आला. द्राक्षाचा बागायतदार, गावात वजन, नवा बंगला. स्लॅब पडला, नारळ फुटला, जिलेबी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळा स्लॅब घट्ट आणि पुढचा एक कोपरा कच्चा. अंगठा दाबला की खड्डा पडायचा. दोन दिवस गेले, चार दिवस गेले, तरी नखानं उकरला जायचा. आबासाहेबांनी माणसं गोळा केली आणि सगळ्यांदेखत बोलले, "बाकीच्याला सिमिट घातलंस आणि कोपऱ्यात नुसती वाळू ढकललीस. चोर हायेस तू गेण्या."

हे गप्प बसले. तितंच सगळं बिघडलं. मला वाटलं, आता ह्यो वाघ उठंल. पण त्यांना स्वतःलाच वाटलं, कुठंतरी माप चुकलं असंल. तो स्लॅब त्यांनी स्वतःच्या हातानं घण घालून फोडला, त्या जागी नवा घालून दिला, आणि त्या दिवसापासून अंगावर एक काम घेतलं न्हाय. दुसऱ्याच्या हाताखाली रोजानं जायला लागले. वाईट त्याचं न्हाय. वाईट हे, की माप घ्यायची वेळ आली की कालच्या पोराला विचारायचे, "बरोबर हाय का रं?" ते ऐकलं की मी हातातलं घमेलं आपटायची.

माझा संशय पहिल्यापासून भिमावर. भिमा त्या वेळी ह्यांच्याच हाताखाली शिकत व्हता, आणि त्या कोपऱ्यावरचा ओला माल रंधा फिरवून सपाट करायला तोच बसला व्हता. सहा महिन्यांत गडी स्वतः मिस्त्री झाला. आमची सगळी कामं त्याच्याकडं, दारात जीप. त्यानंच काहीतरी केलं, काय केलं ते कळत नव्हतं, पण केलं त्यानंच. त्याच्या घरावरून जाताना मी थुंकल्याबिगर कधी गेले न्हाय. आणि दैव बघा, शेवटी त्याच्याच हाताखाली आमी दोघं बिगारी. तो "वैनी, पाणी" म्हणायचा. मी पाणी द्यायची आणि मनात त्याच्या सात पिढ्या काढायची.

ह्या वर्षी आबासाहेबांच्या सुनंनं, वृषालीनं, गेटपासून पोर्चपर्यंतचा रस्ता करायचा काढला. गाडी आत येते तेवढाच. आबासाहेबांचं म्हणणं, पेव्हर ब्लॉक टाका आणि मोकळे व्हा. ती म्हणाली, "आबा, ते एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडपुढं हायेत." तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. काँक्रीटच, पण वरचं सिमिट धुवून काढलेलं आणि आतले खडे उघडे, रंगीत, चकचकीत. आबासाहेब म्हणाले, "हे तर काम अर्धवट टाकून गवंडी पळाल्यासारखं दिसतंय." मला हसू आलं. त्या म्हाताऱ्याशी माझं आयुष्यात तेवढं एकदाच जमलं. खडे झाकायला आमचा जन्म गेला, आणि आता म्हणं उघडे ठेवा.

पण सून हट्टाची. शेवटी ठरलं, दोन-दोन फुटांचे तीन नमुने करायचे. एक काळ्या खडीचा, एक तांबूस खड्यांचा, एक नदीच्या गोल गोट्यांचा. आवडंल तो टाकायचा. काम भिमाचं. बंगल्यामागं लाकडी चौकटीचे तीन फर्मे काँक्रीटनं भरले. खडे उघडे करायचं औषध पुण्याहून यायचं व्हतं, आलं न्हाय. भिमा म्हणाला, "वृषालीताई, नमुन्याला औषध कशाला? घरातली दोन किलो साखर द्या."

कारखान्याची सभासदांची साखर, पोतं भरून घरात. तिनं आणून दिली. भिमानं ती बादलीत विरघळवली आणि झारीनं ओल्या काँक्रीटवर शिंपडली. आबासाहेब ओरडले, "आरं, चहा करतोस का काय?" तेव्हा भिमा ऐटीत बोलला, "आबा, साखर लागली की सिमिट धरत न्हाय. कच्चंच ऱ्हातं. खालचं घट्ट व्हईल, वरचा पापुद्रा कच्चा. सकाळी ब्रश मारून धुतलं की खडे उघडे."

मी घमेलं बाजूला फेकलं.

सिमिट धरत न्हाय. कच्चंच ऱ्हातं. नऊ वर्षांपूर्वीचा कोपरा माझ्या डोळ्यापुढं आला. मी तशीच त्याच्या अंगावर गेले. "मुडद्या! म्हंजे हे केलंस तू! आमच्या कोपऱ्यात साखर घातलीस आणि माझ्या नवऱ्याला चोर ठरवलंस! तुझ्या आयशीनं तुला दूध पाजलं का जहर? आबा, बघा, खाई त्याला खवखवे. स्वतःच्या तोंडानं बोलला!"

भिमानं झारी खाली ठेवली. "वैनी, कायतरी काय बोलता? मी हे गेल्या उन्हाळ्यात शिकलो. इंदापूरला, हायवेच्या एका हॉटेलचं पार्किंग केलं तवा."

"त्या कोपऱ्यावर कोण बसला व्हता? तूच ना?"

"बसलो व्हतो, पण..."

त्या "पण"च्या पुढं त्याला कुणी बोलू दिलं न्हाय. आबासाहेबांना आपला फुटलेला स्लॅब आठवला असणार. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "भिमा, जीप काढ. माझ्या दारात पाय ठेवू नको. रस्ता गेणू करंल." आणि भिमा गेला. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम जमिनीवर थुंकले. खोटं कशाला बोलू, नऊ वर्षांत एवढं गार कधी वाटलं नव्हतं मला.

घरी आलो. हे तीन भाकरी जेवले. जेवताना एकदाच म्हणाले, "म्हंजे माझं माप चुकलं नव्हतं." हात धुताना पुन्हा म्हणाले. बास, एवढंच. पण पाठ सरळ व्हती त्यांची.

सकाळी नमुने धुवायचं काम माझं, म्हणून मी लवकर गेले. बघते तर तिन्ही फर्म्यांना मुंगळ्यांच्या रांगा. कडेकडेनं, खड्याखड्यावर, काळेभोर. मी झाडू उचलला, आणि हात तितंच थांबला.

तसेच मुंगळे मी त्या स्लॅबच्या कोपऱ्यावर झाडले व्हते. त्या वेळी म्हणलं, जिलेबी सांडली असंल.

आणि मग पिंप आठवलं. आगं बया, पिंप! स्लॅबच्या दिवशी लाइट नसणार व्हती, म्हणून आदल्या दिवशीच पाणी साठवून ठेवायचं व्हतं आणि आमचं एक पिंप तडकलेलं. मी म्हणलं, मी आणते. कोऱ्हाळ्याला माझ्या भावाचं गुऱ्हाळ, तितनं काकवीचं निळं पिंप टेम्पोत घालून आणलं. वरवर विसळलं. बुडाला काकवी वाळून चिकटलेली, निघंना. म्हणलं, सिमिटाला काय कळतंय गोड का कडू. रात्रभर पाणी भरून ठेवलं, आणि सकाळी पहिलं तेच पिंप वापरलं. पहिला माल त्याच कोपऱ्यात पडला व्हता.

मीच. भिमा न्हाय, कुणी न्हाय, मीच! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. हितं दोन संन्यासी फासावर चढवले मी. पहिल्याबरोबर तर रोज ताटाला ताट लावून जेवत व्हते.

आणि ऐका, माझ्या मनात पहिलं काय आलं ते पण सांगते. गप्प बसावं. कुणाला कळतंय? नवऱ्याचं नाव धुतलं गेलं, काम मिळालं, भिमा मेला तर मरू दे. त्यानं आमच्या पडत्या काळात आमची कामं घेतली हे तर खरं हाय ना?

तेवढ्यात हे आले. धुतलेला सदरा, हातात स्वतःची थापी. वृषाली आली, मी ब्रश मारला, पाणी ओतलं. सिमिटाचा कच्चा पापुद्रा वाहून गेला आणि खडे दिसायला लागले. तिनं गोल गोटे पसंत केले. आणि हे तिच्याशी भांडायला लागले! "ताई, एवढे मोठे गोटे न्हाय चालणार. टायर फिरला की उखडतील. बारीक घ्या. आणि माप मी सांगंन तेच." नऊ वर्षांनी! माझा वाघ पुन्हा मालकाशी भांडत व्हता. माझ्या तोंडात आलेलं सगळं मी गिळलं.

पण ते आपलं बोलत बोलत पुढं म्हणाले, "भिम्यानं माझ्याच हातनं रंधा घेऊन माझाच गळा कापला. मी त्याला पोटच्या पोरागत शिकवलं." आणि डोळे पुसले. ते मला सोसलं न्हाय. मी त्यांना टाकीमागं नेलं आणि सांगितलं. काकवी, पिंप, सगळं.

वाटलं, मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बुडाला किती व्हती?"

"चार बोटं."

ते बोटांवर काहीतरी हिशेब करत उभे राहिले. गवंड्याचा हिशेब. मग "व्हय, तेवढी पुरं," म्हणाले आणि सरळ आबासाहेबांच्या पुढं गेले. "आबा, भिमाला बोलवा."

भिमा आला, गेटाबाहेरच उभा राहिला. हे सुरू झाले, "चूक माझी. साईटवर कुठलं पाणी येतंय ते बघणं मिस्त्रीचं काम..."

माझं टाळकंच सणकलं. पुन्हा हेच अंगावर घेणार! "गप बसा!" मी ओरडले. "नऊ वर्षं घेतलंत तेवढं बास. आबा, पिंप मी आणलं. काकवीचं. माझ्या हातनं झालं. भिमानं काय केलं न्हाय, आणि ह्यांनी तर एक घमेलं सिमिट खाल्लं न्हाय. चोर म्हणलात ना तुमी त्यांना चार माणसांत? आता माघारी घ्या."

आबासाहेब म्हणाले, "माझा स्लॅब तर गेलाच ना? कोणापायी का असंना." तो शब्द त्यांनी माघारी घेतला न्हाय. मोठी माणसं. त्यांची जीभ एकाच बाजूला वळते.

मी भिमापुढं गेले. "काल बोलले ते माघारी घेते."

"काल माझ्या आयशीचा उद्धार केलास वैनी. ती मेली त्याला तीन वर्षं झाली. माघारी घेऊन आता कुठं ठेवणार हायेस?"

मी त्याच्यापुढं हात जोडले. मी! सगळा गाव माझ्या तोंडाला भितो.

भिमानं काम पुन्हा घेतलं, पण ह्यांना म्हणाला, "माप तुमी घ्या. तुमच्या मापाला मी तवाही नाव ठेवलं नव्हतं. फक्त हिला पाण्याजवळ उभी करू नका."

हे म्हणाले, "पाणी तीच आणंल."

आता चार दिवस झाले, काम चालू हाय. गेटाजवळचा पट्टा झाला, बारीक गोटे उघडे पडले, येणारा-जाणारा वाकून बघतोय. माप हे घेतात, कुणाला विचारत न्हाईत. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलतात. मी पाणी आणलं की ते हातातलं टाकून येतात, पाण्यात बोट बुडवतात, जिभंला लावतात. सगळी माणसं बघत असतात, भिमासकट. एकेक बादली, प्रत्येक वेळी. मला लई राग येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत न्हाय. मी बादली धरून उभी ऱ्हाते. मग ते थुंकतात आणि म्हणतात, "ओत."

आणि मी ओतते.