खाडीअलीकडचे डॉक्टर

तुळसकर डॉक्टर गेल्याचं मला रुवैसला कळलं. रिफायनरीत शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम चालू होतं, फोन लॉकरमध्ये होता. दुपारी जेवायला बाहेर आलो तेव्हा त्यांच्या मुलीचा, वैजूताईचा, मेसेज दिसला. ‘बाबा गेले. सकाळी, झोपेतच. तू सावकाश ये.’ मी मॅनेजरला सांगितलं, गावचे डॉक्टर वारले, दुबईला जायला हवं. तो इजिप्तचा, भला माणूस. ‘फॅमिली?’ त्याने विचारलं. डॉक्टर माझे नात्याने कोणी नव्हते, पण तिथे उभं राहून काय समजावणार... मी ‘येस’ म्हटलं आणि गाडी काढली.

रुवैसपासून दुबईतल्या अल बर्शापर्यंत तीन तासांचा सरळ रस्ता आहे. दोन्ही बाजूंना वाळू, मध्ये मध्ये पाइपलाइनी. मला रडू वगैरे आलं नाही. डॉक्टर ब्याऐंशी वर्षांचे होते, हिंडतेफिरते होते आणि झोपेत गेले. त्यांनी वैजूताईला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘मला पेटीत घालून विमानाने गावाला नेऊ नका, तिथे माझी वाट बघणारं आता कोणी नाही.’ त्यामुळे सगळं इथेच झालं. कागदपत्रांना दोन दिवस लागले. जेबेल अलीच्या स्मशानात आम्ही मोजकी माणसं असू असं वाटलं होतं, पण जुन्या दुबईतून, देराहून, आमच्या तालुक्यातली पोरं आली. कोणी एसीच्या कामावरचा, कोणी हॉटेलच्या किचनमधला, कोणी तसाच साइटवरून, अंगावर युनिफॉर्म. सगळी मागे भिंतीला टेकून उभी होती. वैजूताईच्या नवऱ्याने मला हळूच विचारलं, ‘हे कोण सगळे?’ मी म्हटलं, ‘पेशंट.’

आमचं गाव सिंधुदुर्गाच्या अगदी दक्षिण टोकाला, खाडीच्या अलीकडे. पलीकडे मोठा रस्ता, एसटी, सरकारी इस्पितळ. अलीकडे आम्ही. मधे पूल नव्हता, होडी होती, आणि तीही भरती-ओहोटी बघून. डॉक्टर मिरजेला शिकून सरकारी नोकरीवर आमच्याकडे आले, नोकरीची मुदत संपल्यावर निघून जातील असं सगळ्यांनी धरलं होतं, पण त्यांनी बाजारात तरीजवळ, होडी लागायची तिथे, दोन खोल्या घेतल्या आणि दवाखाना थाटला. बाहेरच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत टेबल, स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया आणि लाल मिक्श्चरची बरणी. बाटली आपण घरून न्यायची. कंपाउंडर तिच्यावर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एका दातऱ्याला एक डोस. माडावरून पडलेले, काजूच्या डिंकाने हात भाजलेल्या बायका, गांधीलमाशा चावलेली मुलं, जाळ्याच्या दोरीने बोटं कापलेले खारवी... दवाखान्यात कायम असं काहीतरी चालू असे. बायकांना ते औषधापेक्षा जास्त रागवायचे. ‘सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खातेस ना? मग चक्कर येणार नाही तर काय होईल?’

गावात कोणी आजारी पडलं की आधी देवळात कौल लावायची पद्धत होती. देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, दिला तरच औषध. शहरातून आलेल्या डॉक्टराने याच्यावर भांडण काढलं असतं. तुळसकरांनी काढलं नाही. ते देवळात जाऊन गुरवाशी बोलून आले. नंतर आमच्याकडे देव बहुतेक वेळा उजवाच कौल देऊ लागला. तरीही कोणी अडलं, तर डॉक्टर म्हणत, ‘कौल घेऊन ये, मी थांबतो. पण सुई आधी घेऊन जा. देवाला विचारताना अंगात ताप नको.’

माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते. मी सातवीत असताना, भातकापणीच्या दिवसांत, बांधावर गवत कापताना त्यांना फुरसं चावलं. माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांकडे सर्पविषावरच्या लशीच्या थोड्या बाटल्या होत्या, त्या त्यांनी सगळ्या दिल्या. काचेच्या नळीत रक्त घेऊन ते गोठतंय का, हे पुन्हा पुन्हा बघत बसले. दुसऱ्या दिवशी बाबांना बरं वाटलं, ते माझ्याशी बोललेसुद्धा. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, लघवी बंद झाली. तेव्हा कुठे होडी काढून त्यांना पलीकडे नेलं. इस्पितळात पोचले त्या संध्याकाळी ते गेले.

माझ्या काकांनी डॉक्टरांचं नाव टाकलं. ‘ठेवून घेतलान म्हणून गेलो माझो भाव,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी ते मला पाठ झालं. स्वतःच्या आजारपणात काका होडीने पलीकडे जात, तुळसकरांची पायरी चढत नसत. आई मात्र जात असे. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने मला तिथेच नेलं. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या घरी येत, पेज किती प्यायलो ते विचारत. आई त्यांना चहा देई. दोघं एकमेकांशी फार बोलत नसत. मला या गोष्टीचा राग यायचा. पुढे मी शिकायला बाहेर पडलो, मग नोकरी, मग गल्फ... आणि राग हळूहळू विरला, का विरला हे मी कधी तपासलं नाही.

इथे दुबईत त्यांची गाठ पडली ती मॉलमध्ये. माझं बिऱ्हाड अल बर्शात आहे, मी आठवडाभर रुवैसला असतो आणि शनिवार-रविवार घरी. उन्हाळ्यात सकाळी आमच्याकडचे सगळे ज्येष्ठ मॉलमध्ये चालायला जातात, दुकानं उघडायच्या आधी, एसीत. एका शनिवारी समोरून बुटके, पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले आणि माझ्यासमोर थांबले. म्हणाले, ‘तू मास्तरांचा दिगू.’ पस्तीस वर्षं मध्ये गेली होती. मी विचारलं, ‘कसं ओळखलंत?’ तर म्हणाले, ‘चालताना डावा खांदा पाडतोस. तुझे वडील पाडायचे.’ त्यांच्या पत्नी गेल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर वैजूताईने त्यांना इथे आणलं होतं. त्या दिवसापासून शनिवारची सकाळ त्यांची ठरली. बाबांचा विषय आम्ही दोघांनीही टाळला.

इथे त्यांना प्रॅक्टिस करता येत नव्हती. या देशाचं लायसन्स नाही, आणि त्या वयात कोण देणार. ‘इथे मी डॉक्टर नाही, वैजूचा बाप आहे,’ असं ते हसून सांगत. पण देराच्या पोरांना कुठून तरी खबर लागली. सुट्टीच्या दिवशी ती मेट्रोने येऊन बिल्डिंगखाली उभी राहायची. डॉक्टर खाली जाऊन बाकावर बसत, ऐकून घेत, आणि शेवटी प्रत्येकाला कंपनीच्या क्लिनिकमध्ये जायला सांगत. गोळी कोणालाही देत नसत, अगदी डोकेदुखीचीसुद्धा. तरी वैजूताईचा जीव खालीवर होई. ‘बाबा, कोणी कम्प्लेंट केली तर? आपल्या सगळ्यांचे व्हिसा आहेत इथे.’ ते म्हणत, ‘अगं, मी नुसता ऐकतो. ऐकायला लायसन्स लागतं का?’

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात सदा नावाच्या पोराचा मला फोन आला. त्यांच्या खोलीतला प्रकाश गावाहून सुट्टी संपवून नुकताच आला होता आणि तापाने आडवा पडला होता. डॉक्टरांना घेऊन याल का, असं तो विचारत होता. मी त्यांना घेऊन देराला गेलो. जिना चढताना ते तीनदा थांबले. खोलीत दुमजली खाटा, खिडकीत वाळत घातलेले कपडे, आणि खालच्या खाटेवर प्रकाश, डोळे लालभडक. डॉक्टरांनी त्याच्या पोटऱ्या दाबल्या, तो ओरडलाच. ‘गावाला लावणी केलीस?’ त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली. ‘चिखलात अनवाणी?’ पुन्हा मान हलली.

सदाने उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढलं, गावाहून आणलेलं. ‘ह्या देऊ काय, डॉक्टरांनू?’

‘नाही. याला हॉस्पिटलला न्यायचं. आत्ता.’

प्रकाश खाटेवरून उठेना. ‘तुमीच काय ता औषध द्या, डॉक्टरांनू. थंय गेलंय तर ॲडमिट करतले. कालच तर सुट्टेवरसून इलंय, सुपरवायझर घराक धाडीत.’ बाकीचेही त्याच्याच बाजूने बोलायला लागले. तुम्ही आमच्या आजीला बरं केलंत, माझ्या बापसाला बरं केलंत, याला हॉस्पिटल कशाला? मी डॉक्टरांकडे बघत होतो. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण त्यांचा आवाज एकदम चढला. ‘मी कोणालाही ठेवून घेणार नाही! ऐकलंत? यल्ला, उचला त्याला.’ पोरांनी त्याला खुर्चीत बसवून खाली आणलं.

इमर्जन्सीत एक तरुण मल्याळी डॉक्टरीण होती. फ्लू असेल म्हणाली. डॉक्टरांनी तिला हिंदीत एवढंच सांगितलं, ‘बेटा, मैं इसके गाँव का हूँ। ये अभी धान के खेत से आया है। वहाँ इस मौसम में लेप्टो होता है।’ तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, ‘सर, आप डॉक्टर हैं?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तपासण्या लिहून दिल्या. किडन्यांना सूज यायला लागली होती. त्याला आत घेतलं. पुढे तो बरा झाला, नोकरीही राहिली. स्मशानात त्या पोरांत सगळ्यात मागे प्रकाश उभा होता.

त्या दुपारी आम्ही बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बराच वेळ बसून होतो. डॉक्टर समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, ‘दिगू, तुझ्या आईने मला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. डॉक्टर, पलीकडे नेऊया का म्हणून. भरती होती, होडी निघत होती. मी नको म्हटलं.’ ते अजून भिंतीकडेच बघत होते. ‘त्याआधी फुरशाचे चार-पाच जण मी बरे केले होते. वाटलं, हेही जमेल. पलीकडे जास्त लस होती, हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, जमेल... वेळेवर नेलं असतं तर ते वाचले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण न्यायला हवं होतं.’

मी उठलो आणि विचारलं, ‘चहा आणू?’ ते म्हणाले, ‘आण. साखर कमी.’ दोन कागदी कप घेऊन आलो. आम्ही चहा प्यायलो.

त्या आठवड्यात मी आईला फोन केला. ती आता ऐंशीच्या घरात आहे, गावातच राहते, आता पूल झालाय. मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘माका म्हायत आसा. तेंनी माका बाराव्याक येवनच सांगितलेलां. माझी चूक झाली म्हणाले.’

‘मग तू कधी बोलली नाहीस? काकांना? मला?’

‘तुझ्या काकाक सांगलंय असतंय तर तेना दवाखानो मोडून टाकल्यान असतो. डॉक्टर उठान गेले असते.’ मग ती म्हणाली, ‘गावात दुसरो डॉक्टर खंय होतो? तुका ताप इलो असतो तर मी खंय गेलंय असतंय?’

त्या वेळी ती चाळिशीचीही नव्हती. पदरात मी आणि धाकटी बहीण. नवरा ज्याच्या हातून गेला त्याच माणसाला तिने चहा दिला, वर्षानुवर्षं, आणि काकांचे टोमणे ऐकत तोंड मिटून राहिली. ती त्यांना माफ वगैरे करत होती असं मला वाटत नाही. मी तसं विचारलंही, तर म्हणाली, ‘माफ कसला? माका तेंची गरज होती.’ माझ्या वडिलांनंतर खाडीच्या अलीकडे साप चावलेला एकही माणूस डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवला नाही, लगेच होडीत घातला आणि स्वतः बरोबर गेले, हेही मला त्याच फोनवर कळलं. त्यातले किती वाचले ते आईला ठाऊक नव्हतं. पुष्कळ, म्हणाली.

पुढच्या शनिवारी मॉलमध्ये मी डॉक्टरांना म्हटलं, ‘आईशी बोललो.’ बंद दुकानांच्या काचांवरून आमची प्रतिबिंबं सरकत होती. चार-पाच दुकानं मागे पडली. मग त्यांनी विचारलं, ‘तिचं बीपी कसं आहे?’ मी आकडे सांगितले. ‘मीठ कमी करायला सांग. सुकी मासळी खात असेल.’ एवढंच. त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही, आणि निघायची गरजही उरली नव्हती. वर्षभर आम्ही तसेच चालत राहिलो.

आता दीड महिना झाला. गेल्या रविवारी वैजूताईकडे गेलो होतो. डॉक्टरांची खोली आता नातवाची होणार आहे, पण अजून काही हलवलेलं नाही. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची, आणि तिच्या डाव्या हाताला, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, एक स्टूल. दवाखान्यात पेशंट बसायचा तसं. इथे आल्यावर त्यांनी स्वतःच ते तिथे मांडून घेतलं होतं आणि मोलकरणीने झाडताना हलवलं की ते पुन्हा जागेवर आणत. नातवाला काही लागलं, खुपलं की तो येऊन त्या स्टुलावर बसायचा आणि सांगायचा, ‘आजोबा, माय स्टमक इज पेनिंग.’ ते विचारत, ‘काल काय खाल्लंस?’

खोलीत दुसरीकडे बसायला जागा होती, पलंग होता. पण मी सरळ जाऊन स्टुलावर बसलो. वैजूताई चहा घेऊन आली, मला तिथे बसलेलं पाहून दारातच थांबली. मग आली, वडिलांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘बोल. काय होतंय?’

मी ‘काही नाही’ म्हणणार होतो. पण मी म्हणालो, ‘झोप लागत नाही गं, वैजूताई. तो मेसेज आला तेव्हापासून...’ आणि मग मी सांगत गेलो.