न मोजलेले दोन कोन

मोजणी खात्यात तिला सगळे कोनताई म्हणत. दुर्बिणीला डोळा लावून कोन मोजावा तो तिनेच. बाकीच्यांनी नुसते डोळे बारीक करावेत. नवराही त्याच खात्यातला, आणि टेकडी खचतेय का ते बघायला दोघांचीच जोडी नेमलेली. पायथ्याशी एक खांब तिचा, वर उतारावर दोन खांब त्याचे. तिन्ही टोकांचे कोन मोजायचे, त्रिकोण सोडवायचा आणि एखादा खांब जागचा हलला का ते काढायचं. टेकडीखालच्या घरांतली माणसं तिच्या सहीच्या भरवशावर राहत होती.

कामाचा नियम एकच: आपला कोन दुसऱ्याला आधी सांगायचा नाही. पण हा वरून फोन करायचा, "तुझा किती आला गं?" आणि ही सांगून टाकायची. नवराच तो, त्याच्यापासून काय लपवायचं? उन्हात चढून दमलेला माणूस आठवणीने फोन करतो, याचंच तिला कौतुक.

बेरीज दर वेळी बरोब्बर एकशे ऐंशी अंश. खरं तर मोजलेले कोन इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. कितीही जपलं तरी केसभर फरक उरतोच. "यांच्या संसारात केसभरही फरक नाही," अशी कचेरीत चेष्टा व्हायची, आणि ही लाजून हसायची. एवढी हुशार बाई, पण घरच्या माणसापुढे तिचं डोकं चाललं नाही, त्याला कोण काय करणार?

नवरा तापाने पडला तेव्हा ती एकटीच वर गेली. पायवाट काटेरी झुडपांनी बुजलेली. एका खांबावर, जिथे यंत्र बसवायचं तिथेच, पक्ष्याचं जुनं घरटं. दुसऱ्यावर गंजाचे थर. हा वर येतच नव्हता. एक कोन तो जुनाच लिहायचा, जरासा बदलून. आणि तिने फोनवर सांगितलेला कोन मिळाला की तिसरा एकशे ऐंशीतून वजाबाकी करून.

तिने घरटं बाजूला ठेवलं आणि दोन्ही कोन मोजले. त्रिकोण सोडवला, पुन्हा सोडवला. एक खांब हातभर खाली घसरला होता, तोही थेट तिच्या खांबाच्या रोखाने. त्यामुळे तिच्या कोनात ते कधी दिसणारच नव्हतं.

"कधीपासून चाललंय हे?" घरी आल्यावर तिने विचारलं.

तो भिंतीकडे वळला. "गुडघे गेलेत माझे. खात्याने घरी बसवलं असतं."

"मला सांगायचंस. मी चढले असते."

"बेरीज जुळतेय म्हणून तूही खूश होतीस की. आणि सही तुझीच आहे सगळ्यावर."

गुडघ्यांचं तिला वाईट वाटायला लागलं होतं, या वाक्याने तेही राहिलं नाही. आपल्याच तोंडून काढून घेतलेल्या आकड्याने त्याने आपल्याला फसवलं, याची तिला शिसारी आली.

खात्याला तिने स्वतःच्या नावानिशी सगळं कळवलं आणि थेट टेकडीखाली गेली. पहिल्याच दारात कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी खुर्ची पुढे केली. "बसा ताई. तुम्ही आहात म्हणून आम्ही बिनघोर आहोत बघा."

कोनताई बसली नाही. "माझ्यावर विसंबू नका, काकू," ती म्हणाली. "आजच्या आज इथून निघा."