रंभाबाईंनी सही केली नाही

ताम्हिणी घाटात रस्त्याकडेला रंभाबाईंचा ढाबा आहे. नवरा गेल्यावर दिरांनी ती जागा विकायला काढली होती. गिऱ्हाईक जागा बघायला आलं, तरी रंभाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. भाकऱ्या थापत राहिल्या. गिऱ्हाईक जेवून निघून गेलं.

आता त्यांचं वय अठ्ठावन्न. पाच वर्षांपासून साखरेसाठी दिवसातून दोनदा पोटात इन्सुलिनची सुई. सुईला त्या भीत नव्हत्या, पण औषध थंड ठेवायचं म्हणजे वैताग. पावसाळ्यात तिकडे वीज तीन-तीन दिवस नसते. मग मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात बाटली सांभाळायची.

म्हणून पुण्यातल्या एका दवाखान्यात नव्या पट्टीची चाचणी चाललीय असं कळल्यावर त्या स्वतःहून गेल्या. रुपयाएवढी पट्टी, तिच्यावर केसाहून बारीक सुया आणि त्या सुयांतच इन्सुलिन. दंडावर दाबली की सुया कातडीत शिरून विरघळणार. फ्रिजची गरज नाही. चाचणीचं काम बघणाऱ्या तरुण डॉक्टर जान्हवीने नीट समजावलं: सकाळच्या सुईऐवजी पट्टी, चार वेळा साखर तपासायची, फार चढली तर फोन करून सुई घ्यायची.

मे महिना झकास गेला. जूनच्या मध्यापासून साखर तीनशेच्या वर जायला लागली. दर वेळी रंभाबाईंनी फोन केला, सुई घेतली आणि आकडा लिहून ठेवला.

तपासणीच्या दिवशी मोठे डॉक्टर दयानंद यांनी ते आकडे पाहिले. "मावशी, पट्टी नीट दाबत नाही तुम्ही. नाहीतर गोड खाताय."

"न्हाई खात."

"सगळे असंच म्हणतात." त्यांनी कागदावर एक ओळ खरडली आणि तो सहीसाठी पुढे सरकवला. रंभाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी वाचलं: 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.'

"ह्ये खोटं हाय. मी सही करणार न्हाई."

"मग चाचणीतून नाव काढावं लागेल."

"काढा की. पन ह्ये ल्हिवून न्हाई. मे महिन्यात हाच दंड व्हता, हाच अंगठा व्हता. तवा कशी लागू पडली? तुमी हितं थंड खोलीत पट्टीचं पाकीट फोडताय. एकदा माज्या चुलीपाशी येऊन फोडून दावा."

"तेवढा वेळ नाही मला."

"मग मलाबी सहीला येळ न्हाई." कागद तसाच टेबलावर ठेवून त्या उठल्या.

जान्हवी हे सगळं ऐकत होती. त्याच आठवड्यात ती ताम्हिणीला आली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. तिने औषध नसलेली एक पट्टी काढली, पाकीट फोडलं, आपला दंड पुसून पट्टी दाबली. पाच मिनिटांनी उचलून भिंगाखाली धरली. एकही सुई आत गेली नव्हती, सगळ्या वाकल्या होत्या. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, तेच.

"हवेतल्या ओलीनं सुया मऊ पडतायत, मावशी. कातडीत शिरायच्या आधीच."

"सादळत्यात म्हना की! पावसाळ्यात पापड सादळत्यात तशा." रंभाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आता मला सांगा, माज्यासारखं अजून किती जनांवर तुमी ते ल्हिवलंय?"

जान्हवीने भिंग खाली ठेवलं. "दोघांवर," ती म्हणाली. "दोघंही घाटातलेच."

"मग त्यांचंबी खोडायचं. एकटीचं खोडलं तर मी तितं येऊन बसंन."

दहा दिवस लागले. दयानंदांनी आधी नकार दिला, मग जान्हवीने वाकलेल्या सुयांचे फोटो चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे ठेवले. तिघांच्या कागदावरचं ते वाक्य खोडून लिहिलं गेलं: 'दमट हवेत पट्टी निकामी.' दयानंदांनी माफी मागितली नाही. रंभाबाईंनीही ती मागून घेतली नाही.

पट्टी अजून सुधारायची आहे. रंभाबाई पुन्हा दोन सुयांवर आल्या. जान्हवीने फोनवर विचारलं, "नवी पट्टी झाली की याल ना?"

"यीन की. पन बाई, पयली आमच्या पावसात आनून बघा, मग मला बोलवा."