हात दिसतील असा फोटो

माणसांचे फोटो मी काढत नाही. कुणी म्हणालं, "ताई, आमचा एक काढा की," तर सरळ सांगते, तुमचा मोबाईल द्या, त्यात दोन काढते, माझ्या कॅमेऱ्यात नाही. लोकांना राग येतो. येऊ दे.

त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. परभणीत आमच्याच गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि सोमवार ते शनिवार मी बायकांची मापं घेते. ज्या बाईनं हयातभर गळ्यात टेप घालून दुसऱ्यांचे दंड अन् पाठी मापल्या, तिला विचारा माणूस म्हणजे काय चीज असते. "दंड बारीक दिसला पाहिजे बरं का." "पाठीची वळी झाकून जाऊ दे." "मागच्या वेळी खांद्यात ओढत होतं, लक्ष कुठं होतं तुमचं?" मायबाई, माझ्या कात्रीत काय जादू आहे का? पण करते बापडी. कुठं चिमटा घेते, कुठं झालर लावते, ज्याला जे झाकायचं ते झाकून देते.

मग रविवार उजाडला की मला माणसाचं तोंड नको होतं. पोरानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला, तेव्हापासून मी रविवारी स्कूटी काढते अन् गावाबाहेर जाते. सुरुवातीला सगळे फोटो हललेले यायचे. बनी तो बनी, नहीं तो परभणी, म्हणायचं अन् पुढचा काढायचा. करडईचं पिवळं रान, नांगरून पडलेली काळी जमीन, बांधावरची एकटी बाभळ. शेताचा एक फार मोठा गुण आहे. फोटो काढल्यावर ते जवळ येऊन म्हणत नाही, "बघू बघू. आगं बाई, मी एवढी जाड हाय का? डिलीट कर."

आमचा पाच-सहा हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. रविवारी ज्यानं त्यानं आपला एक फोटो टाकायचा, बाकीच्यांनी त्यावर तोंडसुख घ्यायचं. मेडिकलवाले एक आहेत, ते फक्त देवळं काढतात. चारठाण्याच्या जुन्या देवळात जाऊन तासन्‌तास बसतात आणि कुणी पोरगं खांबाआडून डोकावलं की त्याच्यावर खेकसतात. आणि एक आहेत एसटीतून रिटायर झालेले कंडक्टरभाऊ. ते फक्त माणसं काढतात. चहावाला, मेंढ्यावाला, बाजारात गवार विकणारी म्हातारी. माझं अन् त्यांचं कायम वाजतं.

"ताई, तुमच्या फोटोत गाव ओसाड पडल्यावाणी दिसतंय," ते म्हणायचे. "एखादा माणूस तरी घाला."

"तुम्ही घालताय तेवढी बास आहेत."

एकदा मी त्यांना विचारलं, जन्मभर गर्दीत उभं राहून तुमचं पोट भरलं नाही का हो? ते म्हणाले, "गर्दीत मी हातच बघितले, ताई. नोटा धरलेले हात, पास धरलेले हात. तोंड वर करून बघायला फुरसतच नव्हती. म्हणून आता तोंडं बघत फिरतो." मला हे पटलं. जे आयुष्यभर फार झालं त्यापासून मी पळत होते, आणि जे कमी पडलं त्याच्या मागं ते धावत होते.

हे असं चाललेलं असताना माझ्या भावजयीचा फोन आला. भाऊ माझा धाकटा, पोखर्णीच्या पुढं त्याचं शेत आहे. त्याची मुलगी, माझी भाची, परभणीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, रोज बसनं जाऊन येऊन असते. गुणाची पोर, तोंडानं जरा तिखट. आता माझ्यावर गेली म्हटल्यावर काय होणार? तिच्या हातांवर शाळेत असतानाच पांढरे डाग उठले. कोड. आधी एका बोटावर, मग दोन्ही हातांवर मनगटाच्या वरपर्यंत. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण लोकांचे कान काय आपल्या हातात असतात? लॅबमध्ये तिला काही त्रास नाही. ती हसून म्हणते, "आत्या, तिथं लोक माझ्या हाताकडं बघतच न्हाईत, सुईकडं बघतात."

त्रास होता तो लग्नाचा. तीन ठिकाणची माणसं येऊन बघून गेली होती, तिन्हीकडून नकार.

भावजय फोनवर म्हणाली, "वन्सं, ब्लाऊजचं कापड पाठवायले. बाह्या पार बोटापर्यंत शिवा, नवी फॅशन हाय म्हणू. अन् फोटो तुमीच काढा. स्टुडिओवाला उगं गावभर करंल."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी कापडाची पिशवी घेऊन भाचीच दुकानात आली. मशीनपाशी बसली आणि म्हणाली, "आत्या, हात दिसतील असा फोटो काढ."

"म्हणजे गं?"

"मागच्या वेळचं तुला आईनं सांगितलं न्हाई ना? पोहे मी केले होते. शेंगदाणे लाल होईस्तोवर तळले, वर खोबरं घातलं. ताट घेऊन आले, सगळ्यांच्या पुढं प्लेटा ठेवल्या. प्लेट ठेवताना हात दिसतोच की. एकानं बी चमचा उचलला न्हाई, आत्या. पाणी बी नको म्हणाले. फाट्यापासून उन्हात चालत आलेली माणसं, अन् म्हणं तहान न्हाई. सगळ्या प्लेटा मी तशाच परत उचलल्या. आईनं म्हशीला घातल्या."

मी मशीन थांबवली.

"नकार द्यायचा तर द्यावा," ती म्हणाली. "पण फोटो बघून घरी बसून द्यावा. मला आता परत भरल्या प्लेटा उचलायच्या न्हाईत."

त्या लोकांचा असा राग आला, की समोर असते तर टेपनं झोडपलं असतं. पण पोरीपुढं काय बोलणार? कापड उलगडलं आणि बाह्या कोपरापर्यंतच कापल्या. भावजयीला सांगितलं, कापड कमी पडलं.

पण फोटोचं काय? मला तर बाभळी काढायची सवय. लग्न ठरवायच्या फोटोत मी कच खाल्ली असती, म्हणून कंडक्टरभाऊंना साकडं घातलं. संक्रांत होऊन गेली होती, शेतात ज्वारी हुरड्याला आलेली. म्हटलं, चला हुरडा खायला, अन् माझ्या भाचीचा एक चांगला फोटो काढून द्या. ते एका पायावर तयार.

शेतात भावानं गोवऱ्यांची आगटी पेटवली, आम्हाला कणसं दिली आणि तो मोटार बघायला विहिरीकडं गेला. कंडक्टरभाऊंनी पोरीला बांधावर उभं केलं. माणसाला बोलतं करावं तर त्यांनीच. बसमधली म्हातारी, तिची कोंबडी, फुल तिकीट की हाफ, असलं काय काय सांगून त्यांनी तिला एवढं हसवलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात ते मायेनं म्हणाले, "हां, अस्सं. आता हात जरा पदराखाली घे माय, लय छान येईल."

तिनं हात पदराखाली घेतले आणि तिचं हसू गेलं. कंडक्टरभाऊंनी भरपूर फोटो काढले. सगळे नीट, सगळे उजेडात, आणि एकातही माझी भाची नव्हती. त्यांनाही ते कळलं. कॅमेऱ्यात बघत मला हळूच म्हणाले, "ताई, काय बिनसलं? आत्ता तर हसायली होती."

त्यांच्यावर काय चिडणार? मनात वाईट काही नव्हतं. माणसावर जीव असला की आपण आधी त्याचं झाकायलाच धावतो, मी सुद्धा पोट त्याच्यावरच भरते. मी त्यांना म्हटलं, "बसा तुम्ही. हुरडा खा. गूळ घ्या."

मग मी माझा कॅमेरा काढला. मला माणसं काढता येत नाहीत, शेत काढता येतं. शेताला मी कधी म्हणत नाही की जरा इकडं सरक, ती ढेकळं झाक. मी एका जागी बसते आणि ऊन उतरायची वाट बघते, बास. तसंच बसले. पोरीला काही सांगितलं नाही. आत्या गप्प बसली म्हटल्यावर तीही आगटीपाशी येऊन बसली. बराच वेळ तिचं लक्ष माझ्याकडं होतं, मग भूक लागल्यावर ते कणसाकडं गेलं. तिनं गरम कणीस आगटीतून ओढलं, चटका बसला म्हणून "आई गं" म्हणत या हातातून त्या हातात नाचवलं, दोन्ही तळव्यांत धरून चोळलं आणि ओंजळ तोंडासमोर धरून फुंकर मारली. कोंडा उडाला. मागनं तिरपं ऊन आलेलं, ओंजळीत हिरवे दाणे, आणि ओंजळ धरणारे ते दोन्ही हात, पांढऱ्या बोटांसकट, मनगटासकट, सगळ्यात पुढं. मी बटण दाबलं.

"दाखव," ती म्हणाली.

कॅमेरा तिच्या हातात दिला. ते "डिलीट कर" ऐकण्यात माझा जन्म गेला, म्हणून मी तयारीतच होते. तिनं लय वेळ बघितलं आणि एकदम माझ्यावर ओरडली, "आत्या! नाकाला एवढी राख लागलीय, सांगायचं न्हाई का?"

"परत काढू?"

"नको. ऱ्हाऊ दे."

कंडक्टरभाऊंनी कॅमेरा मागून घेतला. फोटो बघून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ताई, तुमी माणसं काढत जा."

"मी माणसं काढत नाही," मी म्हटलं. "ही माझी भाची आहे."

भावाला मात्र फोटो दाखवल्यावर तो भडकला. "हा पाठवायचा? ह्यापेक्षा गावात दवंडी पिटवा की! आक्का, तुला झाकायला बोलावलं होतं."

"आणि अक्षता पडल्यावर काय करशील? जन्मभर हातमोजे घालून भाकरी थापंल का ती?"

"बोलायला तुझं काय जातंय," तो म्हणाला. मग त्याचा आवाज बसला. "आमच्या मागं हिला कोण बघंल, आक्का? एवढंच सांग मला."

त्याचंही खरं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आमचं हे चाललेलं असतानाच भाचीनं तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेऊन स्थळं बघणाऱ्या मामांना पाठवूनही दिला. भाऊ दोन दिवस जेवला नाही नीट.

त्यानंतर सामसूम. कुणी फोनवरच नाही म्हणालं, कुणी उत्तरही दिलं नाही. भावजय मला टोमणे मारायची, "लय गाजतोय तुमचा फोटो." मी ऐकून घ्यायची. भाची मात्र बिनघोर बसनं जात होती, येत होती. मला म्हणाली, "आत्या, घरी कुणी आलं न्हाई, तेवढं बरं वाटायलंय."

होळीच्या तोंडावर पालमकडचं एक स्थळ आलं. मुलगा, त्याची आई, त्याचा चुलता. फोटो बघून आलेली माणसं. मी सकाळीच जाऊन बसले होते. भाची पोहे घेऊन आली, तोच ब्लाऊज, कोपरापर्यंत बाह्या. तिनं एकेकापुढं प्लेट ठेवली. कुठल्या सूर्यास्ताकडं बघितलं नसेल, एवढे डोळे लावून मी त्या चमच्यांकडं बघत होते.

मुलाच्या आईनं चमचा उचलला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाली, "लिंबू हाय का गं पोरी अजून?"

आत स्वयंपाकघरात भावजयीनं पदराचा बोळा तोंडात धरला. भाऊ उगाच गोठ्याकडं जाऊन आला. चुलत्यानं तर दुसरी प्लेट मागून घेतली. उरायचा प्रश्नच नव्हता. मग मुलगा-मुलगी अंगणात कडुलिंबाखाली बोलायला गेले, आणि परत आले तेव्हा मुलाच्या आईनं भावाला सांगितलं, "आमाला पसंत हाय."

ती माणसं फाट्याकडं गेली. भाऊ साखर वाटायच्या बेतात, आणि भाची म्हणाली, "आण्णा, त्यांना न्हाई म्हणून सांगा."

झालं, भावाचा स्फोट. "अगं ए, डोकं ठिकाणावर हाय का? लोकं आपल्याला नकार देतात, अन् तू लोकाला द्यायलीस? पोहे खाल्ले त्यांनी!"

"त्याच्या आईनं प्रेमानं खाल्ले. त्यांचं काही न्हाई," ती म्हणाली. "पोरगा म्हणाला, एवढं सगळं पदरात घेतोय, तर लॅब सोडायला तुला काय जड हाय? मी म्हणाले, पदरात घ्यायला मी काय भिजलेलं मांजर हाय का?"

"अगं पण..."

"आण्णा, त्यांनी मला बघितलं. आज मी बी त्यांना बघितलं. आजवर माझी बघायची पाळीच आली न्हाई. त्याच्या आधीच प्लेटा उचलाव्या लागायच्या."

ती रिकाम्या प्लेटा गोळा करून आत धुवायला गेली. मला रडू येत होतं आणि हसूही, अन् भावापुढं दोन्ही करायची सोय नव्हती. तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला. साखरेची वाटी तशीच त्याच्या हातात. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, पुढच्याला बी तोच फोटो धाडायचा का?"

"तोच," मी म्हटलं.

त्यानं चिमूटभर साखर उचलली आणि वाटी माझ्यापुढं केली.