समाचाराला लावलेला सिनेमा

अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडे राहायला आलो तेव्हा माझी एकाच माणसाशी गट्टी जमली. शेजारच्या बिल्डिंगमधला म्हातारा रशियन. त्याचं मला कळत नसे, माझं त्याला. पार्किंगपाशी बाकावर दोघं ऊन खात बसायचो. भांडण नाही, काही नाही.

मध्ये तो खाली यायचा बंद झाला. सूनबाईने चौकशी केली, तर त्याचा एकुलता एक मुलगा तिकडे रशियात वारलेला. म्हाताऱ्याला जाताही आलं नव्हतं. मी टोपी घातली आणि निघालो.

"बाबा, इथे असं एकदम जात नाहीत. आधी कॉल करतात," सूनबाई म्हणाली.

"मरण कॉल करून आलं होतं का? चल तू. मला इंग्रजी येत नाही."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण समाचाराला कसं बसायचं ते मला कुणी शिकवायला नको. मान खाली, तोंड बंद. तसा बसलो. तर म्हाताऱ्याने उठून कॅसेट लावली! बाजा वाजायला लागला. आमच्याकडे सुतकात रेडिओलाही कुणी हात लावत नाही. मी उठलोच.

"बाबा, बसा," सूनबाई हळूच म्हणाली. "त्यांचा मुलगा आहे त्यात. चोरांची कॉमेडी आहे, अगदी लो बजेट. कुठे चाललीच नाही म्हणतात."

बसलो. दोन चोर एक लोखंडी तिजोरी जिन्यावरून उतरवत होते. खालून एक जाडा पोलीस आला. चोरांची गाळण उडाली. पण हा गडी आपला मदतीला धावला. तिजोरीला नुसता हात लावलेला, वजन सगळं चोरांवर, आणि कुंथत होता हाच. घामही हाच पुसत होता. तो म्हाताऱ्याचा मुलगा.

मी जन्मभर गवंडीकाम केलं. फरशी उचलताना नुसता हात लावून सगळ्यांपेक्षा जोरात ओरडणारा एक जण दर कामावर असतो. मला हसू फुटत होतं. जीभ चावून बसलो. म्हातारा टीव्हीकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. मी हललो नाही. मग मोडक्या इंग्रजीत त्याने सूनबाईला काहीतरी विचारलं.

"ते विचारताहेत, त्याने काम वाईट केलंय का?"

"वाईट कशाला? चांगलंच केलंय. पण मी समाचाराला आलोय म्हणावं. गेलेल्या माणसाला आमच्यात हसत नाहीत."

तिने सांगितलं. म्हातारा गुडघे चोळत राहिला, मग बोलला.

"ते म्हणतात, आमच्यातही नाही हसत. पण येणारे सगळे रडूनच जातात. त्याच्या कामाला कुणी हसलेलं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही."

"लाव म्हणावं परत."

पोलीस आला, हात लावला, कुंथला. खोटं हसणं मला जमत नाही, आणि तिथे ते खपलंही नसतं. पण त्याने घाम पुसला आणि मला राहवलं नाही. खोकला लागेपर्यंत हसलो. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. तो ऐकत होता.