अंगण पुसतानाचा फोटो

"पदरानं पूस. तुह्याच पदरानं."

लग्नघरच्या मोठ्या बाई पायरीवर उभ्या होत्या. मी खाली अंगणात. हातात ट्रंपेट, पायापाशी सारवलेल्या जमिनीवर पाण्याचे चार थेंब. चारच. मंडपात दोनशे माणूस आणि सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते.

ट्रंपेट फुंकला की आतल्या नळीत श्वासाचं पाणी साचतं. ते काढलं नाही तर सूर गुडगुडतो. म्हणून खाली एक छोटी चावी असते. ती दाबायची, पाणी झाडायचं, पुढचं गाणं धरायचं. सगळे बँडवाले हेच करतात. तासभर वरातीपुढे वाजवून आम्ही मंडपाच्या दारात आलो होतो. मी चावी दाबली. चौदा वर्षांची होते. अंगण कोणाचं आहे, हे बघायचं राहून गेलं.

"थुकली वं ते अंगनात," मोठ्या बाई कोणाला तरी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या ते वर लिहिलंच आहे.

मी आत्याकडे पाहिलं. सुभद्राआत्या, माझ्या बापाची बहीण. बँड तिचा. वाटलं, आता ती बोलेल. घरी ती माझ्या बापाचंही ऐकत नव्हती.

आत्या म्हणाली, "पूस."

मी बसले. पांढरं पातळ, निळी किनार, आत्यानं स्वतः शिवणयंत्रावर बसून आम्हा पाचजणींना सारखी किनार लावली होती. त्या पदरानं मी जिनवाल्यांचं अंगण पुसलं. कपाळ जवळजवळ जमिनीला लागलं. तेवढ्यात फोटोवाल्याचा बल्ब भकदिशी पेटला. मागून एक गडी गोमूत्र शिंपडत आला, त्याचे शिंतोडे माझ्या मानेवर पडले. आत्या म्हणाली, "काहून रडून राहिली वं? वाजव." मी वाजवलं. सूर चुकला नाही, याची मला आजही लाज वाटते.

हे अमरावतीचं. जिनवाले म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आम्ही धम्मदीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. दीक्षेनंतर आमच्या माणसांनी दुसऱ्याच्या दारात वाजवणं सोडलं. डफडं तर जाळलंच. आत्याच्या नवऱ्याचा बँड होता, तो वारला होता, आणि पितळी वाद्यं घरात काळी पडत चालली होती. आत्या म्हणाली, "हुकमानं वाजवनं सोडलं ना? सोडलं. आता आपुन सुपारी घेऊन वाजवू. आपल्या मर्जीनं." पुरुष तयार होईनात. मग तिनं बायका उभ्या केल्या. तिच्याकडे क्लारनेट, माझ्याकडे ट्रंपेट, कौसाकडे ढोल, आणखी दोघी ताशा-झांजेवर. बायकांचा बँड वऱ्हाडात कोणी पाहिला नव्हता. लोक नवरदेव सोडून आम्हाला पाहत.

त्या लग्नानंतर मी ट्रंपेटला हात लावला नाही. वर्षभरात बँड मोडला. आत्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी शिकले, मॅट्रिक झाले, अकोल्याला मास्तरीण झाले, जठारपेठेच्या मागे खोली घेतली.

नऊ वर्षं गेली. एक दिवस शाळेतल्या बाईंनी मासिक आणून माझ्यापुढे टाकलं. मुंबईत म्हणे पोरी गिटार घेऊन स्टेजवर उभ्या राहत होत्या, इंग्रजी गाणी वाजवत होत्या, त्याचा मोठा गवगवा. मासिकवाल्यांना वाटलं, आपल्याकडे याच्या आधी कोणी? शोधत शोधत ते अमरावतीत जिनवाल्यांकडे पोचले. जिनवाल्यांनी हौसेनं आपला आल्बम काढून दिला. पानभर फोटो. चौघी उभ्या, पाचवी वाकलेली. खाली छापलं होतं: "वादनापूर्वी यजमानांच्या मंडपाला वंदन करताना पथकातील सर्वात लहान वादक."

मी ते तीनदा वाचलं. पुसलेलं मी विसरले असते, असं नाही. पण वंदन? माझी मान त्यांनी वाकवली, आणि वर तीच मान भक्तीनं वाकली म्हणून गावाला दाखवली.

आठवडाभरात जिनवाल्यांचा मुलगा माझ्या खोलीवर आला. भाऊसाहेब. मोटार बाहेर उभी, हातात तेच मासिक.

"बाई, तुमचं नाव झालं. आमच्याच अंगणातून झालं म्हणा ना," तो हसून म्हणाला. "धाकटीचं लग्न आहे. तोच बँड पाहिजे. मासिकवालेही येतील."

"त्या फोटोत मी काय करते आहे, माहीत आहे का?"

"छापलंच आहे की."

त्याला खरंच आठवत नव्हतं. मला नऊ वर्षं झोपेतून उठवणारी गोष्ट, आणि याच्या ध्यानातही नाही. तेव्हाच माझं ठरलं. म्हटलं, येतो आम्ही.

अमरावतीला जाऊन आत्याला सांगितलं. तिला दमा झाला होता. मी म्हटलं, "वरात वाजवू. मंडपात मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला, की वाजवायचं नाही. एक सूरही नाही."

आत्या घाबरली. "सुपारी घेऊन वाजवलं नाई, असं आपल्या घरात कोनं केलं नाई. माहा नवरा तापानं फनफनत होता तरी उभा राहिला."

"मग मीही उभी राहिले होते. तू पूस म्हणालीस, त्यानंतरही."

सुपारीचे पैसे आले ते आत्यानं पदराच्या टोकाला बांधले, मोडले नाहीत. कौसा आणि बाकीच्या दोघींना मी समजावलं, त्या तयार झाल्या. पण बँडात पहिला सूर क्लारनेटचा असतो. आत्यानं ते तोंडाला लावलं की आमचे हात आपोआप चालतात. सगळं तिच्यावर होतं, आणि तिनं मला हो म्हटलेलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी तेच दार. मोठ्या बाई आता खुर्चीत बसलेल्या, केस पांढरे, नजर तशीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते त्यांना पाहून पटलं. आम्ही वरात अशी वाजवली की रस्त्यावरची पोरं नाचून दमली. मासिकवाला फोटो काढत होता. मी मुद्दाम एकदाही पाणी झाडलं नाही. सूर गुडगुडायला लागला तरी नाही.

मंडपात आम्हाला एका कडेला बसवलं. मंगलाष्टकं झाली. भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. सगळ्यांचे चेहरे आमच्याकडे वळले.

आत्यानं क्लारनेट उचललं. ओठांपाशी नेलं.

मग तिनं ते खाली घेतलं आणि मांडीवर आडवं ठेवलं.

टाळ्या विरल्या. लग्नात असं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. कोणी खोकलं. नवरीनं हार घेतलेले हात अर्धे वर धरले होते. तिचा दोष नव्हता. मला तिची दया आली का? नाही आली. माझाही दोष नव्हता.

"वाजवा," भाऊसाहेब म्हणाला. मग मोठ्यानं, "वाजवा म्हणतो ना."

मी उठले. मोठ्या बाईंच्या खुर्चीपुढे गेले. खाली सतरंजी होती. चावी दाबली, ट्रंपेट झाडला. तासाभराचं पाणी. चार थेंब नव्हते या वेळी.

"बाई," मी म्हटलं, "मासिकात छापलं, मी नमस्कार करून राहिली म्हनून. मी तुमचं अंगन पुसून राहिली होती. तुमी सांगतलं होतं. सांगा आता या लोकायले."

त्यांनी ओळखलं. तोंडावर दिसलं. त्यांनी भाऊसाहेबाकडे पाहिलं. भाऊसाहेब खाली पाहत होता. मासिकवाल्यानं कॅमेरा खाली केला, मी त्याला म्हटलं, "घे ना फोटो." त्यानं घेतला नाही.

तेवढ्यात आत्या धापा टाकत आली. पदराची गाठ सोडली. सुपारीचे पैसे काढले आणि त्या ओल्या जागेवर ठेवले.

"तवा मी इले पूस म्हनलं," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "माहं चुकलं. आता तुमी पुसा."

आम्ही पाचजणी दारातून बाहेर पडलो. कोणी अडवलं नाही. मागे कोणीतरी थाळी बडवायला लागलं, ते कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

पुढे काय झालं? मासिकानं दुरुस्ती छापली नाही. मी तीन पत्रं टाकली. शाळेत माझ्याविरुद्ध अर्ज गेला, बदली खेड्यात झाली. अमरावतीतली काही चांगली माणसं म्हणाली, पोरीच्या लग्नात असं करायला नको होतं, मोठेपणा दाखवायचा. मोठेपणा मी दाखवायचा. बरं.

आत्या गेल्या वर्षी गेली. तिचं क्लारनेट कौसाकडे आहे. बँड मात्र पुन्हा उभा आहे, लग्नांसाठी नाही, जयंतीसाठी. मिरवणूक जिनवाल्यांच्या दारावरून जाते. तिथे आम्ही थांबतो. खिडक्या लावलेल्या असतात, पण फटीतून पाहतात, मला माहीत आहे. मी चावी दाबते, त्यांच्या पायरीसमोर ट्रंपेट झाडते, मग आम्ही पुढचं गाणं धरतो. एकही वर्ष चुकलेलं नाही.

मासिकातलं ते पान मी भिंतीला लावलं आहे. छापलेली ओळ निळ्या शाईनं खोडली आणि खाली लिहिलं: अंगण पुसताना. माफ केलेलं नाही. करणार नाही. कोणी तसं मागायलाही आलेलं नाही.

यंदापासून कौसाच्या मुलीला ट्रंपेट शिकवते आहे. सूर अजून लागत नाही तिचा. पण पहिल्याच दिवशी तिला जिनवाल्यांच्या दारापाशी नेलं, आणि पाणी कुठे झाडायचं ती जागा दाखवली.