न ठरलेला बंद रविवार

पंपबाईंनी नोकरी सोडून सहा वर्षं झाली, पण नोकरीने काही त्यांना सोडलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या पाण्याच्या पंपघरात पाळ्या केल्या होत्या. तिथे वरचे साहेब न सांगता यायचे, चालू पंप बंद करायचे आणि राखीव पंप किती मिनिटांत सुरू होतो ते घड्याळ लावून बघायचे. पंपबाईंना कधीही चार मिनिटांच्या वर लागली नाहीत. हे त्या आजही सांगतात, कोणी विचारलं नाही तरी.

घरात आता त्या आणि शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई, दोघीच. तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं घर. पलंगाखाली पाण्याचे बारा कॅन, प्रत्येकावर भरल्याची तारीख. प्रत्येक दाराच्या चौकटीला खिळा आणि खिळ्याला टॉर्च, पण सेल बाहेर काढून रबराने टॉर्चलाच बांधलेले, कारण आत ठेवलेले सेल पाझरतात आणि ऐन वेळी दगा देतात. सासूबाईंची औषधं नेहमी दहा दिवसांची जास्त. त्यांना दम्याचा त्रास होता, म्हणून वाफेचं मशीन बॅटरीवर चालणारं घेतलेलं आणि ते दर शनिवारी चार्ज व्हायचं. कागदपत्रं, चष्मे आणि दोन जोड कपडे एका पिशवीत, ती दाराशी. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्या माणसांचा पंपबाईंना मनापासून राग यायचा, आणि त्यांच्या मते जगात बहुतेक तशीच माणसं होती.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तर कहरच. त्या दिवशी त्या सकाळीच जिन्याखालच्या मीटरपेटीतलं घराचं बटण खाली करायच्या, पाण्याची चावी फिरवायच्या, वर येऊन मोबाईल खणात टाकायच्या आणि दार लावून घ्यायच्या. संध्याकाळपर्यंत जे साठवलंय त्यावरच घर चालवायचं, शेजाऱ्यांकडे काही मागायचं नाही. इमारतीत सगळे याला बंद रविवार म्हणायचे आणि हसायचे. पंपबाईही हसू द्यायच्या.

हसत नव्हता तो त्यांचा मुलगा. तो दुसऱ्या शहरात राहायचा. त्याच्या इमारतीला जनरेटर, लिफ्ट, वॉचमन सगळं होतं. दोघींना तिकडे न्यायचं त्याने ठरवलं होतं, आणि ठरवलं म्हणजे अगदी सोमवारचा टेम्पोसुद्धा सांगून तो शनिवारी येऊन थडकला.

"आई, हट्ट पुरे आता. लाईट गेली, पाणी गेलं आणि आजीला धाप लागली, तर तू एकटी काय करणार?"

"जे करायचं ते करेन."

"म्हणजे काय?"

पंपबाई वाकून कॅनवरच्या तारखा बघायला लागल्या. पोराचा जीव तुटतो म्हणूनच तो बोलतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना हे घर सोडायचं नव्हतं, तेही खरं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्याचा दिवस जाऊ दे. मग बोलू."

रविवारी सकाळी आठला पंखा थांबला. पाठोपाठ नळाने एक उचकी दिली आणि तोही बंद. हा महिन्यातला तिसरा रविवार होता.

पंपबाईंनी मुलाकडे पाहिलं. पंखा थांबला तेव्हा तो पाव आणायला खाली गेलेला होता आणि आत्ताच वर आला होता, मीटरपेटीवरूनच. त्या मनात म्हणाल्या, असं होय! परीक्षा घेतोस? साहेब लोकांची सवय तुला कुठून लागली? खाली जाऊन बघणं म्हणजे घाबरल्यासारखं दिसलं असतं. म्हणून त्यांनी शांतपणे दार लावलं आणि आपला मोबाईल खणात टाकला.

मुलाने ते पाहिलं. तो पाव आणायला निघाला तेव्हा आईही दूध आणायला खाली उतरली होती, हे त्याला आठवलं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला दाखवायला मुद्दाम बंद केलंय काय? ठीक आहे, बघू तरी किती वेळ जमतंय. त्यानेही आपला मोबाईल खणात टाकला, जरा आवाज करूनच.

मग दिवसभर माय-लेकांची अळीमिळी गुपचिळी. पंपबाईंनी फ्रिजला चिकटपट्टी लावली, म्हणजे कोणी सवयीने उघडायला नको. छोट्या शेगडीवर चहा झाला, भात झाला. सासूबाईंना एका बादलीत अंघोळ घातली आणि तेच पाणी संडासाला ठेवलं. अकराला वाफ दिली. मुलगा खुर्चीत बसून कुठे चुकतंय का ते बघत होता. एक वाजता कॅन उचलताना आई कण्हली, तेव्हा तो उठला आणि त्याने तो कॅन स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मग बाकीचेही तोच उचलायला लागला.

चारच्या सुमाराला सासूबाईंना खरोखरच धाप लागली. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. पंपबाईंनी त्यांना उशांना टेकवून बसवलं, मशीन लावलं, पाठीवर हात ठेवला. "सावकाश, आई. घाई नाही कसली." काही मिनिटांत धाप कमी झाली. पंपबाईंचे हात जराही थरथरले नव्हते, आणि मुलाने नेमके ते हातच बघितले.

सहाला दार वाजलं. तळमजल्यावरचे शिंपीकाका रिकामी बादली घेऊन उभे होते.

"माफ करा हं. दुपारीच येणार होतो, पण तुमचं दार लावलेलं, म्हटलं आजपण यांचा बंद रविवार दिसतोय. थोडं पाणी मिळेल का? सकाळी आठपासून अर्धं शहर बंद आहे. वीजकेंद्रात आग लागली म्हणतात. उद्या दुपारपर्यंत काही खरं नाही."

पंपबाई मुलाकडे बघत राहिल्या आणि मुलगा पंपबाईंकडे.

"म्हणजे बटण तू नव्हतं पाडलंस?" दोघांनी एकदमच विचारलं.

शिंपीकाकांना काही कळेना. त्यांची बादली भरून देऊन मुलाने दार लावलं आणि तो भिंतीला टेकून हसायला लागला. पंपबाईही हसल्या, आणि हसता हसता उरलेले कॅन मोजायला लागल्या. दिवसभर त्या परीक्षा समजून चालल्या होत्या. खरं आहे हे माहीत असतं तर हात असेच राहिले असते का, हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं.

आतून सासूबाईंनी हाक मारली. दोघं गेले.

"मला आठलाच कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीतून चौकातला सिग्नल दिसतो ना. तो बंद, समोरच्या बेकरीतले दिवेपण बंद."

"मग आजी, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नऊ वाजताच मला उचलून गाडीत घातलं असतंस." त्या उशीला नीट टेकल्या. "टेम्पो सांगितलास, खोली ठरवलीस. चांगलं केलंस, काळजीनेच केलंस. पण मला कुठे राहायचंय ते विचारलं का रे कोणी?"

मुलगा पलंगाच्या कडेवर बसला. त्याने आजीच्या चादरीची घडी नीट केली, ती नीटच होती तरी.

"कुठे राहायचंय, आजी?"

"इथे. हिच्याजवळ."

पंपबाई दारातच उभ्या होत्या. सासूबाईंच्या तोंडून असं काही त्यांनी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना इतकं बरं वाटलं की आता इथे थांबले तर रडू फुटेल असं वाटून त्या भात टाकायला वळल्या.

मुलाने खणातून मोबाईल काढला आणि तो त्यांच्यामागे स्वयंपाकघरात आला. "टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवतो." त्याने दोनदा नंबर लावून पाहिला. "रेंज नाही, आई."

"टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या असतील. उद्या कळव," पंपबाई तांदूळ धूत म्हणाल्या, आणि मग वळून त्याच्याकडे बघितलं. "पण नक्की कळव."